सहा द्राक्षांची बाटली: ड्राय पांढरी वाइन निवडण्यापासून पांढऱ्या रश्शापर्यंत

बेळगावात वाइनचं नाव काढलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी लाल आणि गोड येतं. नाताळात कॅम्पातल्या ओळखीच्या घरी केकबरोबर मिळते ती, नाहीतर गोव्यात कुणीतरी कौतुकानं चाखवलेली पोर्ट. त्यामुळं ड्राय पांढरी वाइन पहिल्यांदा तोंडात गेली की माणूस दचकतो. माझा मेव्हणाही दचकला होता. "हे काय, लिंबू पिळलंय काय ह्यात? साखर घालायची राहिली की!" म्हणाला आणि ग्लास बाजूला सारला. अर्ध्या तासानं पानं वाढली, पांढरा रस्सा आला, आणि त्यानंच बाटलीकडं हात केला. "थोडी घाल की अजून."

बाटली तीच होती. पहिल्या घोटाआधी त्यानं गोडमिट्ट कुंदा खाल्ला होता, आणि वाइन थेट फ्रीजमधून काढलेली, दात शिवशिवतील इतकी गार होती. दुसऱ्या वेळेपर्यंत तिचा गारठा उतरला होता, आणि समोर नारळाचं दूध, खसखस, मिरी असा ऐवज होता. ही वाइन जेवणाची आहे. नुसती बसून प्यायलात तर तिच्यावर अन्याय होतो आणि तुमचे पैसेही वाया जातात.

एक आधीच सांगून टाकतो. २१ वर्षांखालच्यांसाठी हे लिहिलेलं नाही, आणि जे पीत नाहीत त्यांनी हे वाचून सुरुवात करावी असंही माझं म्हणणं नाही. जे पितात, त्यांनी नीट प्यावी, इतकंच.

ड्राय म्हणजे काय, आणि नाक कसं फसवतं

द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. जवळजवळ सगळी साखर संपली की ती वाइन ड्राय. युरोपात साधारण लिटरमागं ४ ग्रॅमपर्यंत साखर उरली तर लेबलावर 'सेक' म्हणजे ड्राय लिहिता येतं. चहाच्या चमच्यात यापेक्षा जास्त साखर मावते. म्हणजे जिभेला गोड लागण्यासारखं त्यात काही उरत नाही.

घोळ होतो तो नाकामुळं. ग्लासातून लिचीचा, गुलाबाचा, पिकलेल्या पेरचा वास येतो. मेंदू ठरवून टाकतो की आता गोड येणार, आणि जिभेवर येतं आंबट. पहिला घोट घेताना हा ठोका चुकतो, दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला तोंड सरावतं. म्हणून घरी कुणाला पहिल्यांदा देताना मी आधीच सांगतो, "वास गोड आहे, चव नाही." एवढ्या वाक्यानं निम्मी तोंडं वाकडी व्हायची थांबतात.

सहा द्राक्षं कशाला?

ब्लेंड म्हणजे एकाहून जास्त जातींच्या द्राक्षांची वाइन. स्वस्तातला माल खपवायला मिसळ करतात, असा एक समज आहे. तसंही होतं, नाही असं नाही. पण चांगल्या ब्लेंडमागं हिशोब असतो.

या लेखापुरतं मी एकच उदाहरण धरतो: फ्रान्सच्या अल्सास भागातल्या ह्यूगेल घराण्याची 'झाँती'. हिच्यात सहा जाती असतात. गेवुर्त्सत्रामिनर वासाला जबरदस्त, गुलाब आणि लिची. पण ती एकटीच असेल तर लग्नात अत्तर जास्त झालेल्या काकांच्या शेजारी बसल्यासारखं होतं. मस्कतमध्ये ताज्या द्राक्षाचा वास असतो, घड नुकता तोडल्यासारखा. रीसलिंग आंबटपणा आणते, लिंबाच्या सालीसारखी धार. तिच्याशिवाय सगळं बसकं लागेल. पिनो ग्री अंग देते, तोंडात वाइन पाण्यासारखी पातळ वाटत नाही ती तिच्यामुळं. सिल्वानेर आणि पिनो ब्लाँ या दोघी शांत स्वभावाच्या. स्वतः फार बोलत नाहीत, पण बाकीच्या चौघींचा कल्ला आटोक्यात ठेवतात आणि बाटली हलकी, पिण्याजोगी करतात.

अल्सासमध्ये 'झाँती' हे नाव लावायला नियम आहेत. किमान ५० टक्के भाग रीसलिंग, मस्कत, पिनो ग्री आणि गेवुर्त्सत्रामिनर या चार मानाच्या जातींचा हवा, प्रत्येक जातीची वाइन आधी वेगळी करायची आणि मगच मिसळायची. तिथंच 'एडेलझ्विकर' नावाचं दुसरं ब्लेंड मिळतं. त्याला प्रमाणाचं असं बंधन नाही. नावात 'एडेल' म्हणजे उच्च कुळातलं असूनही! त्यामुळं एडेलझ्विकर कुणाची आहे हे बघून घ्यावी.

अथणीकडच्या माझ्या मामांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग आमच्या द्राक्षाची का नाही करत?" त्यांची बाग थॉम्पसनची. सगळा माल डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, रॅकवर वाळतो आणि बेदाणा होऊन तासगावच्या बाजारात जातो. उत्तर त्यांच्याच हातात होतं. थॉम्पसनचा मणी पातळ सालीचा, बिनबियांचा, साखरेनं भरलेला. खायला आणि वाळवायला त्याच्यासारखा नाही. वाइनचं द्राक्ष छोटं, जाड सालीचं, आत बिया, आणि पिकल्यावरही आंबटपणा टिकवून धरणारं. वास सालीत असतो. मामांनी माझ्याकडं बघून एक बेदाणा तोंडात टाकला. "म्हणजे खायला वाईट ते प्यायला चांगलं." तसंच म्हणायचं.

सीमेवरचं घराणं

ह्यूगेल कुटुंब १६३९ पासून रिकवीर या छोट्या गावात वाइन करतंय. शिवाजी महाराज तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यांच्या तळघरात १७१५ सालचं एक भलं मोठं लाकडी पिंप आहे आणि ते शोभेला ठेवलेलं नाही, वापरात आहे. बारा-तेरा पिढ्या एकाच घरात, एकाच धंद्यात.

मला या बाटलीची ओढ मात्र तिच्या वयामुळं लागली नाही. अल्सास हा फ्रान्स आणि जर्मनीच्या मधला पट्टा. १८७१ मध्ये तो जर्मनीकडं गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडं आला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीनं घेतला आणि १९४५ ला परत फ्रान्सचा झाला. एका माणसाच्या आयुष्यात, घर न सोडता, चार वेळा देश बदलला. म्हणून तिथल्या काही द्राक्षांची नावं जर्मन, लेबल फ्रेंच, बाटली उंच आणि निमुळती, ऱ्हाईनकाठच्या जर्मन धाटणीची. आपण १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आलो, १९७३ ला त्या राज्याचं कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं. पाटी एका भाषेत, बोलणं दुसऱ्या भाषेत, दुकानात तिसरीच. ती बाटली हातात घेऊन लेबल वाचताना मला काही समजावून घ्यावं लागलं नाही.

आणखी एक साम्य भूगोलाचं आहे आणि त्याचा वाइनशी थेट संबंध आहे. अल्सासच्या पश्चिमेला व्होज नावाची डोंगररांग आहे. पाऊस तिच्या पलीकडं पडतो आणि अलीकडचं कोल्मार हे फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक आहे. आपल्याकडं कणकुंबीला छत्री टिकत नाही आणि अथणीला ढग बघत बसावं लागतं, तोच प्रकार. द्राक्ष दोन्हीकडं डोंगराच्या कोरड्या अंगालाच का आहे, ते यावरून कळेल. ओल्या हवेत भुरी आणि डाऊनी हे बुरशीचे रोग घडाला सोडत नाहीत.

दुकानात

हीच बाटली बेळगावात मिळेल असं धरून निघू नका. आपल्याकडच्या 'वाइन शॉप'मध्ये वाइन सोडून सगळं मिळतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. दुकानदाराला सांगून मागवता येते का बघा, नाहीतर बंगळूरच्या फेरीत घ्या. आयात वाइनवर आपल्याकडं वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं, त्यावर राज्याचा कर. तिथल्या रोजच्या जेवणातली बाटली इथं सणाची होते ती त्यामुळं.

देशी घ्यायची असेल तर पांढऱ्यातली सोव्हिन्याँ ब्लाँ बहुतेक वेळा ड्राय असते. शेनँ ब्लाँ घेताना मागचं लेबल वाचा, आपल्याकडं तिच्यात थोडा गोडवा ठेवण्याची पद्धत आहे. नाशिक तर आहेच, पण अकलूज आपल्याला जवळ आहे, आणि कर्नाटकात नंदी हिल्सजवळ आणि हंपीकडंही चांगली वाइन होते. ब्लेंड मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर एकाच जातीच्या ड्राय वाइनलाही पुढचं सगळं लागू आहे.

बाटली हातात आली की आधी साल बघा. ही वाइन तरुणपणी प्यायची असते. "जुनी तेवढी चांगली" हे मोजक्या, महागड्या वाइनना लागू पडतं. या प्रकारच्या बाटलीला द्राक्षतोडीपासून तीन-चार वर्षांच्या आत उघडावं. दुकानदार "सर, ही दहा वर्षं जुनी आहे" असं अभिमानानं सांगत असेल तर तिथून गोड बोलून निघा.

मग बाटली कुठं ठेवली होती ते बघा. काचेच्या शोकेसमध्ये, उन्हात, ट्यूबलाइटखाली उभी असलेली नको. बुचावरचं आवरण फुगलंय का, चिकट ओघळ आहे का, बूच काचेच्या वर आलंय का, हे बोटानं चाचपून बघा. उन्हानं तापलेल्या बाटलीत बूच वर सरकतं. मे महिन्यात बंद ट्रकमधून आलेल्या मालाचं हे असं होतं आणि त्यात दुकानदाराचाही दोष नसतो.

अल्सासच्या बाटलीवर २०२१ च्या तोडीपासून गोडीचा उल्लेख सक्तीचा झाला आहे. 'सेक' असेल तर ड्राय. 'दमी-सेक' असेल तर थोडी गोड, 'मोएलो' आणि 'दू' असेल तर ती वेगळीच वाट. हे चार शब्द मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

शाकाहारी पाहुणे येणार असतील तर एक गोष्ट आधी बघावी. वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं प्रथिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. तो नंतर काढून टाकतात, पण आपल्या शाकाहारी शेजाऱ्यांना अंड्या-माशाचं चालणार नाही. मागच्या लेबलावर 'व्हेगन' लिहिलं असेल तर प्रश्न मिटला.

गोव्यात स्वस्त आहे म्हणून चोर्ला घाटातून किंवा रामनगरमार्गे बाटल्या डिकीत घालून आणू नका. चंदगड-कागलकडून आणणंही तसंच. परवान्याशिवाय दुसऱ्या राज्यातली दारू आणणं अबकारी खात्याच्या लेखी गुन्हा आहे, आणि एका बाटलीसाठी नाक्यावर तासभर उभं राहणं शोभत नाही. ज्या राज्यात प्यायची तिथंच घ्यावी.

घरी आणल्यावर

आठवड्याभरात उघडणार असाल तर फार विचार नको. महिनाभर ठेवायची असेल तर घरातली सर्वांत काळोखी, गार आणि न हलणारी जागा शोधा. जुन्या दगडी घरात माजघरातलं खालचं फडताळ छान. फ्लॅटमध्ये कपाटाचा तळ, पण पश्चिमेच्या भिंतीचं कपाट नको. स्वयंपाकघरात गॅसच्या वर ठेवणं म्हणजे बाटली रोज थोडी थोडी शिजवणं. लाकडी बुचाची बाटली आडवी ठेवा, बूच ओलं राहतं आणि आकसत नाही. फिरकीच्या झाकणाची कशीही ठेवा.

गार करणं: सगळ्यात जास्त चुका इथंच

अशा वाइनला ८ ते १० अंश सेल्सिअस योग्य. फ्रीजमध्ये साधारण ४ अंश असतात. म्हणजे फ्रीजमधली बाटली हवी त्याहून जास्त गार असते, आणि गारठ्यात वास मिटून बसतो. सहा द्राक्षांचे पैसे दिलेत आणि नुसतं गार आंबट पाणी प्यायलात असं होतं. उलट उन्हाळ्यात टेबलावर ठेवून दिलीत तर अल्कोहोल नाकात चढतं.

वेळ असेल तर बाटली तीन तास फ्रीजमध्ये ठेवा आणि वाढण्याच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा. एप्रिल-मेमध्ये दहा मिनिटं पुरे. अल्सासची बाटली उंच असते, फ्रीजच्या दारात उभी मावत नाही. दार आपटून मान मोडण्यापेक्षा आतल्या कप्प्यात आडवी ठेवा.

वेळ नसेल तर बर्फ. इथं आपल्या घरातलं जुनं ज्ञान कामाला येतं. लहानपणी उन्हाळ्यात पॉट आइस्क्रीम करताना बर्फात खडे मीठ का टाकायचो, आठवतंय? मिठानं बर्फ वितळतो आणि ते खारं पाणी शून्याच्या खाली जातं. वाइनलाही तेच करायचं. बादली घ्या, पातेलं उथळ पडतं. निम्मा बर्फ, निम्मं पाणी, दोन मुठी खडे मीठ. पाणी हवंच. नुसत्या बर्फात तुकड्यांच्या मधे हवा राहते आणि काचेला गारवा लागतच नाही. बाटली मानेपर्यंत बुडवा आणि मधे एकदोनदा हळूच फिरवा. पंधरा मिनिटांत काम होतं. हात लावून बघा: काच गार लागावी, बोट बधिर होऊ नये.

फ्रीझर नको. सांगतो का ते. एकदा पाहुणे दारात आणि बाटली गरम, म्हणून मी ती फ्रीझरमध्ये "दहा मिनिटांसाठी" ठेवली. मग लाइट गेली, इन्व्हर्टर चालू केला, गप्पा सुरू झाल्या, लाइट आली, जेवणं झाली. सकाळी आइस-ट्रे काढायला बायकोनं फ्रीझर उघडला तेव्हा बूच बोटभर वर आलं होतं आणि मटारच्या पिशवीवर वाइनचा पिवळट बर्फ बसला होता. १२ टक्क्यांच्या आसपासची वाइन उणे ५ अंशांच्या सुमारास गोठायला लागते. घरचा फ्रीझर उणे १८ ला असतो. काच फुटली नाही हे नशीब. मटार पुढं कुणी खाल्ले नाहीत.

आणि ग्लासात बर्फाचे खडे टाकू नका. व्हिस्कीची सवय आहे, कळतं. पण यात पाणी वाढलं की काही उरत नाही.

उघडणं

पातं आणि टेकू असलेला साधा वेटरवाला कॉर्कस्क्रू घ्या, तो सगळ्यात भरवशाचा. पात्यानं बाटलीच्या ओठाखाली आवरण गोल कापा. ओला फडका फिरवा. स्क्रूचं टोक बुचाच्या मध्यावर ठेवा, सरळ उभं, आणि फिरवा. शेवटचा अर्धा वेटोळा बाहेर राहू द्या, नाहीतर बुचाच्या तळाला भोक पडून भुसा वाइनमध्ये पडतो. टेकू ओठावर लावून हँडल वर उचला. शेवटी बूच हातानं हळूच काढा. 'टप्प' असा मोठा आवाज काढण्यात शौर्य नाही.

बूच तुटलं तर घाबरू नका. उरलेला तुकडा आत ढकला आणि वाइन स्वच्छ पंच्यातून जगमध्ये गाळून घ्या.

बुचाच्या टोकाला किंवा बाटलीच्या तळाशी बारीक चमकणारे खडे दिसले तर? माझ्या सासूबाईंनी ते बघून "काच आहे" म्हणून सगळी बाटली सिंकमध्ये ओतायला घेतली होती. ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, गारठ्यानं खाली बसतात. दिसायला बारीक खडीसाखर, चवीला आंबट, आणि निरुपद्रवी. शेवटचा घोट बाटलीतच सोडा म्हणजे झालं.

खरोखर बिघडलेली वाइन नाकाला कळते. पावसात भिजलेल्या गोणपाटाचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच सदोष आहे. चिरून ठेवलेल्या सफरचंदासारखा तपकिरी रंग आणि वास आला तर हवा लागली आहे. दोन्ही प्यायल्यानं काही होत नाही, पण प्यायची कशाला.

ग्लास

पातळ काचेचा, तोंडाशी जरा निमुळता असला की वास आत साठतो. तिसरा हिस्साच भरा. स्टीलच्या पेल्यात मात्र ओतू नका, ओठाला धातूचा गारवा लागतो आणि वास पसरून जातो. ७५० मिलीच्या बाटलीत पाच ग्लास निघतात, प्रत्येकात अंदाजे १५ ग्रॅम अल्कोहोल. म्हणून चौघांत एक बाटली पुरते असं मी धरतो, आणि गाडी चालवणाऱ्याला त्यातून वगळतो. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. हायवेवर ती आजमावायला जाऊ नये. औषधं चालू असतील किंवा घरात कुणी गरोदर असेल तर वाढायचीच नाही.

आता आपलं ताट

सगळ्यात मोठी जोडी पांढरा रस्सा. नारळाचं दूध, खसखस, काजू, मिरी, दालचिनी, आणि लाल तिखट जवळजवळ नाही. गेवुर्त्सत्रामिनरचा गुलाबी मसालेदार वास आणि दालचिनी-वेलदोड्याचा वास एकमेकांना ओळखतात, आणि रीसलिंगचा आंबटपणा मटणाची चरबी जिभेवरून धुऊन काढतो. रश्शाचा एक घोट, वाइनचा एक घोट, असं आलटून पालटून घेऊन बघा. मेव्हणा इथंच वळला.

तांबड्या रश्शाला मात्र ही वाइन पुरी पडत नाही. अल्कोहोल तिखटाला भडकवतं. मिरची कोणती यावर बरंच अवलंबून आहे. ब्याडगीचं तिखट असेल तर रंग लालभडक पण झणका कमी, तिथं निभतं. संकेश्वरी मिरचीचा ठेचा असेल तर वाइन बाजूला ठेवा आणि ताक प्या. संकेश्वरच्या मिरचीशी भांडून जिंकलेली वाइन मी अजून पाहिलेली नाही.

मार्च ते मे, खानापूर-चंदगडकडून ओले काजू येतात तेव्हा काजूगराची उसळ करा. खोबऱ्याचं वाटण, थोडा गोडसर, सायीसारखा गर. शाकाहारी घरात या वाइनला यापेक्षा चांगली जोडी मला सापडलेली नाही. पावसाच्या पहिल्या आठवड्यांत खानापूरच्या जंगलातली अळंबी येतात. तेलावर कांदा, लसूण, मिरी, एवढंच. अळंबी ओळखीच्याकडूनच घ्या, त्यात विषारी जाती असतात आणि वाइन त्यावर उतारा नाही.

वेंगुर्ला किंवा कारवारकडून मासे आले की सुरमईचा रवा लावून तळलेला तुकडा घ्या. मीठ आणि तेल दोन्हींमुळं वाइनचा आंबटपणा मऊ लागतो. बांगडा तेलकट, उग्र. त्याच्याशीही जमतं, फक्त तिरफळ जपून. सोलकढी मात्र त्याच वेळी नको. दोन आंबट एकत्र आले की दोघांचंही वाटोळं होतं. लाल वाइन माशाबरोबर प्यायलात तर तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव येते, म्हणून मासे असले की पांढरीच.

भरल्या वांग्यावर, म्हणजे आपल्याकडच्या एण्णेगायीवर, घरात दोन मतं आहेत. शेंगदाणे, तीळ, कारळं यांचा दाट खमंगपणा आणि जोंधळ्याची भाकरी. बायको म्हणते छान लागते. मला वाटतं कारळ्याचा कडवटपणा वाइनच्या अंगावर येतो. तुम्ही करून बघा. भाकरीबरोबर शेंगाचटणी आणि लोणी असेल तर मात्र दोघांचंही एकमत आहे.

आणि गोड. कुंदा, मांडे, करदंट, पुरणपोळी, यातलं काहीही ड्राय वाइनच्या शेजारी ठेवू नका. जिभेवर साखर असली की ड्राय वाइन चिंचेसारखी लागते. नियम एवढाच: गोडाच्या आधी बाटली संपवा, नाहीतर बूच लावून उचलून ठेवा. माझ्याकडं जेवणं झाल्यावरच कुंद्याचा डबा टेबलावर येतो, आणि मेव्हण्याच्या हाताला लागणार नाही अशा बाजूला.

उरली तर

बूच उलटं न लावता, ज्या बाजूनं निघालं त्याच बाजूनं परत बसवा आणि बाटली फ्रीजमध्ये उभी ठेवा. दोन दिवस चांगली, तिसऱ्या दिवशी चालेल. अर्धीच लागणार हे आधीच माहीत असेल तर उघडल्या उघडल्या अर्धी वाइन स्वच्छ, कोरड्या, छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. आत हवा उरली नाही की आणखी दोन-तीन दिवस मिळतात. पाण्याची प्लास्टिक बाटली नको.

चौथ्या दिवशी वास उतरलेली वाइन स्वयंपाकात जाते. अळंबी परतताना पाणी सुटून आटलं की अर्धी वाटी घाला, मोठ्या आचेवर पुन्हा आटू द्या, आणि मग मिरी. मीठ शेवटी, कारण आटल्यावर आंबटपणा वाढलेला असतो.